टाकून दिलेलं मूळ : भास्कराचार्यांची माकडं आणि आमच्या कालव्याचं पाणी

मागच्या महिन्यात पेटच्या तयारीला बसलेल्या एका मुलीने मला विचारलं, "ताई, फलाची शून्ये बैजिक रीतीने काढणं हे तर दहावीचं काम. संशोधनात त्याचं काय?" मी तेव्हा लोकलमध्ये होते, नेरळ नुकतंच गेलं होतं, त्यामुळे उत्तर अर्धवटच दिलं. पूर्ण उत्तर इथे लिहिते. त्यात माझी स्वतःची एक फजिती आहे, आणि त्या फजितीमुळेच मी नऊशे वर्षं जुन्या एका ग्रंथापर्यंत पोहोचले.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. एखाद्या फलात क्षची जी किंमत घातली की उत्तर ० येतं, ती किंमत म्हणजे त्या फलाचं शून्य. तेच फल = ० असं समीकरण मांडलं की त्या किमतीला आपण समीकरणाचं मूळ म्हणतो. शाळेत तीन वाटा शिकवतात: अवयव पाडा, पूर्ण वर्ग करा, नाहीतर सूत्र लावा. आणि शेवटी एक वाक्य हमखास लिहून घेतात, "परंतु लांबी ऋण असू शकत नाही, म्हणून हे मूळ अमान्य." या वाक्याला एक मार्क असतो. तो मार्क मी कधीच सोडला नाही. पण मूळ नेमकं कोणत्या कारणाने टाकायचं, आणि टाकायचं की नाही हे ठरवणार कोण, असा विचार एमएस्सीपर्यंत एकदाही केला नाही.

माझी फजिती

कर्जत आणि खालापूरकडचे असाल तर तुम्हाला हे माहीत असेल, बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी लोखंडी नळांमधून खाली सोडून वीज तयार करतात. खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ सालचं, दोन्ही टाटांची. वीज मुंबईला जाते, पाणी मात्र इथेच उतरतं. खोपोलीचं पाताळगंगेला मिळतं. भिवपुरीच्या पाण्यावर पेज नदी भर मे महिन्यात वाहती राहते आणि राजनाला कालव्याखालची शेतं उन्हाळी भात घेतात. कातळ तापलेला, डोंगर पिवळे पडलेले आणि मध्येच हिरव्यागार भाताची पट्टी, हे दृश्य मला लहानपणापासून फार नवलाचं वाटतं.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी अशाच एका चारीवरचा प्रवाह मोजायला घेतला. चारीवर पाणी अडवणारं गेट होतं, आणि गेट थोडं उचललं की पाणी त्याच्या खालून जातं. गणित असं: उथळ चारीतल्या पाण्याची ऊर्जा दोन गोष्टींची बेरीज असते, एक पाण्याची खोली आणि दुसरी वेगामुळे येणारी उंची. प्रवाह ठरलेला असेल तर खोली कमी झाल्यावर वेग वाढतो, म्हणून दुसरं पद खोलीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. खोलीला य म्हणू आणि १० सेंटिमीटर हे एकक घेऊ. आकडे इथे मी सोयीसाठी गोल केले आहेत:

य + ३६/य² = ७

दोन्ही बाजूंना य² ने गुणलं की,

य³ − ७य² + ३६ = ०

म्हणजे डाव्या बाजूच्या फलाची शून्ये शोधायची. मी सगळं संगणकावर टाकलं आणि प्रोग्रामला सांगून ठेवलं की सर्वांत मोठं धन मूळ घे, बाकीची सोडून दे. उत्तर आलं ६, म्हणजे ६० सेंटिमीटर. मग मी गेटच्या खालच्या बाजूला पट्टी घेऊन उतरले, तर खोली भरली जेमतेम ३०. मला वाटलं पट्टी तिरकी धरली. दुसऱ्या दिवशी परत मोजलं. पुन्हा ३०. तिसऱ्या दिवशी मी पट्टीलाच दोष दिला आणि नवी विकत आणली.

पाणी सोडायचं काम बघणारे पाटकरी काका तीन दिवस माझा हा खेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "पोरी, फळीच्या वरच्या अंगाला बघ, संथ चाललंय. खालच्या अंगाला बघ, पळतंय. पाणी तेच हाय ना?"

पाणी तेच होतं. ऊर्जाही जवळजवळ तीच. समीकरणही तेच. फक्त मूळ दुसरं होतं. ३ घालून बघा: २७ − ६३ + ३६ = ०. गेटच्या वर पाणी ६० सेंटिमीटर खोल आणि सावकाश, सेकंदाला सुमारे १.४ मीटर, गेटच्या खाली ३० सेंटिमीटर आणि दुप्पट वेगाने, सुमारे २.८ मीटर. दोन्ही मुळं खरी, दोन्ही एकाच वेळी, दहा पावलांच्या अंतरावर डोळ्यांसमोर. आणि त्यातलं एक मी प्रोग्रामच्या एका ओळीत फेकून दिलं होतं.

मार्गदर्शकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "दुसरं मूळ टाकताना कारण काय लिहिलं होतंस?" कारण लिहिलेलंच नव्हतं. ते हसले, आणि कपाटातून भास्कराचार्यांच्या बीजगणिताची प्रत काढून माझ्यासमोर ठेवली. "यातली माकडं वाच," म्हणाले.

भास्कराचार्य कुठले?

माकडांकडे येण्याआधी थोडं थांबू, कारण इतिहास वाचताना पुरावा कसा तपासायचा हेही तुम्हाला संशोधनात लागणार आहे.

भास्कराचार्यांनी स्वतःबद्दल जे लिहून ठेवलं आहे त्यावरून त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला आणि बीजगणित हा त्याचाच एक भाग. गावाचं नाव ते विज्जडविड असं देतात आणि ते सह्य पर्वताजवळ आहे असं सांगतात. हे गाव नेमकं कुठलं यावर अजून वाद चालतो. कोणी विजापूर म्हणतं, कोणी बीड, कोणी बीदर, कोणी चाळीसगावजवळचं पाटण. नावाच्या उच्चारावरून गाव ठरवणं हे फार कच्चं काम आहे, हे आधीच सांगून ठेवते.

पाटणच्या बाजूने मात्र उच्चारापेक्षा भक्कम अशी एक वस्तू आहे: शिलालेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो देवीच्या देवळात पाहिला आणि १८६५ मध्ये त्याची माहिती छापली. लेख आहे शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०६-०७ च्या सुमाराचा. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होता, नातू चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी होता. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला आणि तिथल्या निकुंभ राजांनी त्या मठाला उत्पन्न लावून दिलं.

लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. पण पैशांचा विषय निघाल्यावर भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. पेठेत विकायला येणाऱ्या मालावर राजाला मिळणारा वाटा मठाला दिला, अशा अर्थाचा हा मजकूर आहे. मला हे फार गंमतीचं वाटतं. वंशाची थोरवी संस्कृतात, आणि ज्याची अंमलबजावणी व्यापाऱ्यांकडून करून घ्यायची ते मराठीत! तेराव्या शतकाच्या सुरुवातीला बीजगणित शिकवण्याचा खर्च बाजारातल्या गिऱ्हाइकांच्या पैशातून निघत होता. तुम्ही फेलोशिपची वाट बघत असाल तर हे लक्षात असू द्या.

पण सावध राहा. नातवाने पाटणला मठ काढला म्हणून आजोबांचा जन्म पाटणचा, असं सिद्ध होत नाही. घराण्याचा त्या भागाशी संबंध होता इतकंच या लेखातून निघतं. जेवढा पुरावा तेवढंच वाक्य.

सूत्र कोणाचं?

भास्कराचार्य अव्यक्त राशीला यावत्तावत् म्हणतात आणि थोडक्यात 'या' लिहितात. अव्यक्त एकाहून जास्त असतील तर पुढच्यांना रंगांची नावं देतात: काळक, नीलक, पीतक. ज्ञात संख्या म्हणजे रूप, तिची खूण 'रू'. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. समीकरणाचे दोन पक्ष एकाखाली एक अशा दोन ओळींत मांडायचे. सगळं एका बाजूला आणून दुसरीकडे शून्य ठेवायची आपली पद्धत त्यांच्याकडे नाही, ती युरोपात सतराव्या शतकात रुळली. फल ही कल्पनाही त्यानंतरची. म्हणून "भास्कराचार्यांनी फलाची शून्ये काढली" असं लिहिलंत तर परीक्षक थांबवतील, आणि ते बरोबरच असेल. त्यांनी दोन पक्षांचं समीकरण सोडवलं. आपण आज त्याच कामाला शून्ये काढणं म्हणतो.

वर्गसमीकरणाच्या प्रकरणाचं नाव मध्यमाहरण, म्हणजे मधल्या पदाला घालवणं. नावातच युक्ती आहे. अक्ष² + बक्ष = क यातलं बक्ष हे मधलं पद अडचण करतं. ते वर्गाच्या पोटात लपवलं की मूळ काढता येतं. त्यासाठीचा नियम असा: दोन्ही पक्षांना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग अव्यक्ताच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा.

४अ²क्ष² + ४अबक्ष + ब² = ब² + ४अक

डावीकडे (२अक्ष + ब)² तयार झालं. शाळेत आपण आधी अ ने भागतो, मग सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग मिळवतो आणि अपूर्णांकांच्या जंजाळात अडकतो. इथे अपूर्णांक येतच नाहीत. मला वाटतं, दहावीला हीच रीत शिकवली असती तर निम्म्या मुलांचं रडणं वाचलं असतं.

हा नियम भास्कराचार्यांचा नाही. ते स्वतःच तो श्रीधराचार्यांच्या नावाने देतात. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. पद्मनाभ नावाच्या दुसऱ्या एका बीजगणितकाराचंही तसंच, ग्रंथ नाही, पण भास्कराचार्यांनी उल्लेख केल्यामुळे नाव उरलं. आपण थीसिसमध्ये संदर्भ देताना कंटाळतो ना? श्रीधरांचा नियम ज्या वाटांनी आपल्यापर्यंत आला त्यातली मुख्य वाट म्हणजे दुसऱ्याने प्रामाणिकपणे दिलेला संदर्भ.

पुढची गंमत बघा. ब्राझीलमधली शाळकरी मुलं वर्गसमीकरणाच्या सूत्राला आजही 'भास्कराचं सूत्र' म्हणतात. आपल्याकडेही व्हॉट्सअॅपवर हे अभिमानाने फिरतं. ज्या माणसाने श्रेय दुसऱ्याला दिलं, त्याच्याच नावावर ते सूत्र चढलं. बरं, श्रीधरांच्याही आधी ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये वर्गसमीकरण सोडवण्याचा नियम दिला आहे. त्यामुळे "सर्वात आधी कोण" या प्रश्नात फार वेळ घालवू नका.

माकडं

आता ते उदाहरण. माझ्या शब्दांत सांगते. माथेरानला जाऊन आलात तर चित्र डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत, तिथे खाऊची पिशवी सांभाळत चालावं लागतं.

माकडांचा एक कळप आहे. कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग केला तर जेवढी संख्या येते, तेवढी माकडं रानात खेळताहेत. उरलेली बारा डोंगरावर ओरडताहेत. एकूण माकडं किती?

क्ष²/६४ + १२ = क्ष, म्हणजे क्ष² − ६४क्ष = −७६८

श्रीधरांच्या रीतीने चारने गुणा आणि ६४² मिळवा: (२क्ष − ६४)² = ४०९६ − ३०७२ = १०२४. मूळ ३२. म्हणून २क्ष − ६४ हे ३२ किंवा −३२, आणि क्ष = ४८ किंवा १६. तपासून बघा. ४८ चा आठवा हिस्सा ६, वर्ग ३६, अधिक १२, झाले ४८. १६ चा आठवा हिस्सा २, वर्ग ४, अधिक १२, झाले १६. भास्कराचार्य दोन्ही उत्तरं देतात. एकाला मोठं म्हणून मान नाही, दुसऱ्याला लहान म्हणून हाकलणं नाही. मी कालव्यावर जे केलं नाही, ते त्यांनी इथे केलं.

आणि लगेच पुढे दुसरा कळप. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करा, त्याचा वर्ग करा, तेवढी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर चढलेलं दिसतंय. एकूण किती?

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष, म्हणजे क्ष² − ५५क्ष = −२५०

पुन्हा तीच रीत: (२क्ष − ५५)² = ३०२५ − १००० = २०२५. मूळ ४५. क्ष = ५० किंवा ५. या वेळी ते ५० घेतात आणि ५ टाकतात.

का टाकतात? ५ ही काही ऋण संख्या नाही. समीकरणात घालून बघा, बरोबर बसते: १ − ३ = −२, वर्ग ४, अधिक १, पाच. आपल्या शाळेतल्या नियमाने ही संख्या पास झाली असती. पण भास्कराचार्य उत्तराकडे बघून थांबत नाहीत, ते वाटेतल्या पायरीकडे बघतात. पाचव्या हिश्शातून तीन वजा केले तर −२ माकडं येतात. वर्ग केला की ते ऋण चिन्ह पुसलं जातं आणि पुढे काहीच संशय येत नाही. ऋण असलेली व्यक्त संख्या लोकांना पटत नाही, असं कारण ते देतात. कारण लिहिलेलं आहे, हे महत्त्वाचं.

मी हे उदाहरण थोडं उलटून बघितलं. समजा प्रश्न असा असता: तीनातून पाचवा हिस्सा वजा करा. वर्ग केल्यावर समीकरण तेच येतं, एक अक्षरही बदलत नाही. पण आता ५ चालतं (३ − १ = २) आणि ५० चालत नाही (३ − १० = −७). म्हणजे कोणतं मूळ ठेवायचं हे समीकरणात लिहिलेलं नसतंच. ते प्रश्नात असतं. समीकरण मांडताना, विशेषतः वर्ग करताना, प्रश्नातली काही माहिती गळून पडते, आणि शेवटी मूळ निवडताना तीच माहिती परत जाऊन उचलावी लागते.

या उदाहरणांच्या आधी जो नियम येतो त्यात ते सांगतात की अव्यक्ताची किंमत दोन प्रकारची येते, पण 'क्वचित्'. पद्मनाभांचा अशाच अर्थाचा नियम होता, आणि तो सगळीकडे लागू पडत नाही असा आक्षेप भास्कराचार्य उदाहरण देऊन घेतात. ज्याचा आदराने उल्लेख केला, त्याच्याच नियमातला दोष दाखवला. सेमिनारमध्ये आपल्याला हे जमत नाही. एकतर आपण सीनियरचं सगळं मान्य करतो, नाहीतर भांडतो.

दोनच्या पुढे

वर्गापर्यंत रीत पक्की होती. घन आला की? भास्कराचार्य एक उदाहरण देतात: क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५. दोन्हीकडून ६क्ष² वजा करा आणि ८ वजा करा. डावीकडे (क्ष − २)³, उजवीकडे २७. म्हणून क्ष − २ = ३ आणि क्ष = ५.

चौथ्या घाताचं त्याहून देखणं आहे: क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष = ९९९९. दोन्ही पक्षांत ४क्ष² + ४००क्ष + १ मिळवा. डावीकडे (क्ष² + १)², उजवीकडे ४क्ष² + ४००क्ष + १००००, म्हणजे (२क्ष + १००)². आता क्ष² + १ = २क्ष + १००, आणि तिथून क्ष = ११. वही घेऊन एकदा स्वतः करून बघा, वाचून मजा येत नाही.

नेमकं ४क्ष² + ४००क्ष + १ च मिळवायचं हे कसं सुचलं? त्याला नियम नाही. इथे बुद्धी चालवावी लागते असं ते मोकळेपणाने सांगतात. आपली रीत कुठवर जाते आणि कुठे संपते हे त्यांनी झाकलं नाही.

नियम का चालतो याची कारणं, ज्याला उपपत्ती म्हणतात, ती टीकाकारांनी लिहिली. त्यातला एक आपल्या रायगडचा. गणेश दैवज्ञ, नंदिग्रामचे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी हे गाव म्हणजे मुरूड-जंजिऱ्याकडचं नांदगाव असं ठरवलं आहे. त्यांचा ग्रहलाघव हा ग्रंथ १५२० चा. महाराष्ट्रातली पंचांगं पुढे कित्येक पिढ्या त्याच्यावर चालली. त्यांनी लीलावतीवर बुद्धिविलासिनी नावाची टीका लिहिली आणि नियमांच्या उपपत्ती दिल्या, ते साल १५४५.

त्याच साली न्युरेंबर्गला कार्दानोचा ग्रंथ छापून बाहेर पडला, त्यात घन आणि चतुर्घात समीकरणं सोडवण्याची सर्वसाधारण रीत होती. एकाच वर्षी एक माणूस कोकणच्या किनाऱ्यावर बाराव्या शतकातल्या नियमांची कारणं लिहितोय आणि दुसरीकडे पुढची पायरी छापली जातेय. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. भास्कराचार्यांचं बीजगणित इंग्रजीत गेलं ते फार उशिरा, स्ट्रेचीने १८१३ मध्ये फारसी भाषांतरावरून आणि कोलब्रुकने १८१७ मध्ये थेट संस्कृतवरून. त्यानंतर सातच वर्षांनी, १८२४ मध्ये, आबेलने सिद्ध केलं की पाचव्या घातासाठी असं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही.

पुन्हा गेटपाशी

कार्दानोची रीत मी आमच्या चारीच्या समीकरणाला लावून बघितली. तिथेही पहिली पायरी मधलं पद घालवण्याचीच आहे: य = झ + ७/३ असं घातलं की वर्गाचं पद नाहीसं होतं. म्हणजे मध्यमाहरणाचाच भाऊ. पण पुढे गेल्यावर वर्गमुळाच्या चिन्हाखाली येतं −४००/३. ऋण संख्या!

ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कोणाचा वर्गच नाही, असं भास्कराचार्य स्पष्ट म्हणतात. त्यांच्या नियमाने आपण इथे थांबलो असतो. आणि तरीही समीकरणाची तिन्ही मुळं साधी पूर्णांक आहेत. तीन मुळं वास्तव आणि वेगवेगळी असली की कार्दानोचं सूत्र कल्पित संख्यांच्या दारातूनच जातं, हे कोडं १५७२ मध्ये बोंबेलीने उलगडलं. चारीतल्या पाण्याची खोली काढायला √−१ लागावा, हे पाटकरी काकांना कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

सुदैवाने या समीकरणाला सूत्राची गरज नाही. ३६ चे विभाजक घालून बघा. १ घातला तर ३०, २ घातला तर १६, ३ घातला तर ०. म्हणून (य − ३) हा अवयव. भागाकार केला की य² − ४य − १२ उरतं, म्हणजे (य − ६)(य + २). मुळं ३, ६ आणि −२.

पहिली दोन म्हणजे आठव्या हिश्शाचा कळप, दोन्ही ठेवायची. −२ मात्र टाकायचं, कारण य ही पट्टीने मोजलेली खोली आहे आणि मूळ समीकरणातला वेग खोलीने भागून काढला आहे. ऋण खोलीचं पाणी आमच्या चारीत नाही. आता माझ्या वहीत प्रत्येक समीकरणापुढे तीन रकाने असतात: सगळी मुळं, ठेवलेली मुळं आणि टाकलेल्या प्रत्येकासमोर एक वाक्य कारण. प्रोग्रामही तसाच बदलला आहे. तो आता एक मूळ निवडत नाही, सगळी छापतो आणि माझी वाट बघतो. मार्गदर्शक अधूनमधून तिसरा रकानाच आधी वाचतात.

जाता जाता भास्कराचार्यांचंच एक उदाहरण तुमच्यासाठी ठेवते. बारा अंगुळं उंचीचा शंकू उन्हात उभा आहे. त्याच्या सावलीतून कर्णाचा तिसरा हिस्सा वजा केला तर १४ उरतात. सावली किती? सावली स घ्या, कर्ण ३स − ४२ येईल, कर्णाचा वर्ग म्हणजे स² + १४४. सोडवत गेलात की २स² − ६३स + ४०५ = ० मिळेल, आणि मुळं साडेबावीस आणि ९. दोन्ही धन, दोन्ही सावल्या दिसायला अगदी साध्या. एक टाकायची आहे. कोणती आणि का, ते एका वाक्यात लिहून पाठवा. कर्ण काढल्याशिवाय लिहू नका.